कीबोर्डवरच्या स्ट्रिंग्ज ऑर्गनसारख्या का वाजतात?

कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा पॅच, म्हणजे व्हायोलिन-चेलोच्या ताफ्याचा तयार आवाज, लावायचा, दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड धरायची, आणि कानावर यावा ऑर्गन. नाहीतर ॲकॉर्डियन. ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि बरीच वर्षं स्वतःही केली आहे. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: नवं यंत्र. नवा कीबोर्ड येतो, नवं मॉड्यूल (पट्ट्या नसलेली आवाजांची पेटी) येतं, कित्येक गिगाबाइटची आवाजांची लायब्ररी येते. पहिले पंधरा दिवस आनंदात जातात आणि मग तोच ऑर्गन परत वाजायला लागतो.

माझं मत आता पक्कं झालं आहे. दोष बहुतेक वेळा सॅम्पलमध्ये, म्हणजे यंत्रात साठवलेल्या खऱ्या वाद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये, नसतो. पियानोच्या तारेला हातोडी एकदा बसते आणि पुढचं काम तार आपलं आपण करते. गजावर वाजणाऱ्या तारेला मात्र क्षणोक्षणी जोर पुरवावा लागतो. गजाचे केस तारेला धरून ओढतात, तार सुटते, पुन्हा धरली जाते, हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं आणि ते वादकाच्या मनगटावर अवलंबून असतं. आपण पट्टी दाबून हात तसाच ठेवला, म्हणजे तो गज एकाच वेगाने, एकाच दाबाने, न संपता ओढत राहिलो. असं कुणी वाजवत नाही, वाजवू शकतही नाही. ऑर्गन मात्र अगदी असाच वाजतो. म्हणून कानाला ऑर्गन ऐकू येतो.

पण हाताकडे वळण्याआधी यंत्रातले दोष बाजूला काढायला हवेत, कारण त्यातला एखादा असेल तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

आधी यंत्र तपासा

माझ्याकडे एकदा जवळजवळ दोन महिने स्ट्रिंग्ज पोकळ वाजत होत्या. नळीतून आल्यासारखा आवाज, त्यात हलकीशी घुमणारी सळसळ. मी इक्वलायझर फिरवून पाहिला, रिव्हर्ब (खोलीचा घुमारा देणारा इफेक्ट) बदलला, हेडफोन बदलला. कारण निघालं ते असं: कीबोर्ड संगणकाला जोडलेला होता आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक सूर परत कीबोर्डकडे पाठवत होतं. पट्टी दाबली की आतला आवाज एकदा थेट वाजायचा आणि काही मिलिसेकंदांनी संगणकाकडून फिरून दुसऱ्यांदा वाजायचा. दोन सारखे आवाज इतक्या जवळून एकमेकांवर पडले की काही कंपनं वाढतात, काही कापली जातात, आणि तो पोकळपणा येतो. पियानोच्या साउंडवर हे थोडं खपून जातं. लांब सुरांच्या स्ट्रिंग्जवर लगेच उघडं पडतं.

तपासायला सोपं आहे. यूएसबी किंवा मिडीची (वाद्य आणि संगणक ज्या पद्धतीने एकमेकांना संदेश पाठवतात तिची) केबल काढा आणि तोच सूर वाजवा. पोकळपणा गेला, तर कीबोर्डच्या मेन्यूत लोकल कंट्रोल (पट्ट्यांची आतल्या आवाजाशी थेट जोडणी) बंद करा. मिडीत तो १२२ क्रमांकाचा संदेश आहे. संगणकाशिवाय वाजवताना तो पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर कीबोर्ड मुका वाटेल.

दुसरं ठिकाण म्हणजे मोनो, डावा-उजवा एकत्र करून एकच आवाज. घरी हेडफोनमध्ये भव्य वाटणाऱ्या स्ट्रिंग्ज कार्यक्रमात पातळ का होतात, याचं उत्तर बहुधा इथे असतं. पुष्कळ स्टिरिओ पॅचमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूच्या लहरी मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणून आवाज रुंद वाटतो. तेच दोन्ही आवाज एका केबलमध्ये मिसळले की काही भाग एकमेकांना खाऊन टाकतो. कीबोर्डच्या मागे डाव्या जॅकवर 'एल/मोनो' लिहिलेलं असतं, आणि फक्त तिथे केबल लावली की ही मिसळ आतल्या आत होते. ध्वनियंत्रणा मोनोच असेल, तर उजव्या जॅकमध्येही एक रिकामी केबल खोचून ठेवा. आता डाव्या जॅकमधून फक्त डावा आवाज येईल. अर्धा स्टिरिओ गेला तरी हरकत नाही, आवाज अखंड राहतो, आणि मोनोत तेच महत्त्वाचं.

तिसरं, सूर मध्येच गळणं. यंत्राची पॉलिफोनी, म्हणजे एकावेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची संख्या, ६४ असली तरी पॅच चार थरांचा असेल तर प्रत्यक्षात एकावेळी १६ सूरच मिळतात. स्ट्रिंग्जचा रिलीज लांब असतो, म्हणजे सोडलेले सूरही काही वेळ जागा अडवून बसतात, आणि त्यात सस्टेन पेडल दाबलेलं असेल तर विचारायलाच नको. दोन कॉर्डनंतर खालचा सूर अचानक गायब होत असेल तर पॅच बिघडलेला नाही, जागा संपली आहे. थर कमी करा, पेडलवरून पाय काढा.

आणि एक छोटी गोष्ट. एखादं गाणं वाजवून झाल्यावर स्ट्रिंग्ज एकदम बारीक ऐकू येत असतील, तर सीक्वेन्सरने (गाणं आपोआप वाजवणाऱ्या सोयीने) एक्सप्रेशन, म्हणजे सुराचा चढ-उतार ठरवणारा कंट्रोलर, खाली आणून तसंच सोडलेलं असतं. १२१ क्रमांकाचा संदेश पाठवला की कंट्रोलर पूर्ववत होतात.

बरोबर पॅच आहे का?

जनरल मिडी (आवाजांचे क्रमांक सगळ्या यंत्रांत सारखे ठेवण्याचा ठराव) १९९१ मध्ये आलं, आणि त्याच्या यादीत ४९ आणि ५० हे स्ट्रिंग एन्सेम्बल आहेत, तर ५१ आणि ५२ सिंथ स्ट्रिंग्ज. काही यंत्रं मोजणी शून्यापासून करतात, तिथे हेच आकडे एकाने कमी दिसतात. त्यामुळे ५० समजून ५१ वर वाजवत बसलेले लोक मी पाहिले आहेत. सिंथ स्ट्रिंग्ज हा खऱ्या तंतुवाद्यांचा आवाज नाहीच. १९७४ साली आलेल्या सोलिनासारख्या स्ट्रिंग मशीनचा तो वारस आहे: सगळे सूर इलेक्ट्रॉनिक, आणि वरून कोरसची (तोच आवाज किंचित हलवून मिसळणाऱ्या इफेक्टची) झालर. मला तो आवाज मनापासून आवडतो, पण त्याच्याकडून व्हायोलिनची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

पॅच खरा असेल तर त्याला फॅक्टरीतून लावलेला कोरस आधी बंद करा. कोरस आवाज जाड करतो आणि त्याच झटक्यात कृत्रिम करतो. रिव्हर्बही सध्या शून्यावर न्या. कोरडा आवाज बोचेल, पण पुढचं सगळं त्यातच ऐकू येईल.

एकच सूर, दहा सेकंद

आता खरी परीक्षा. मधल्या सीच्या वरचा जी धरा, दहा सेकंद, बाकी काही करू नका, नुसतं ऐका. दोन-तीन सेकंदांनंतर आवाज एकाच चक्रात फिरतो आहे असं वाटेल. ते लूप आहे. जुन्या मॉड्यूलमध्ये मेमरी तुटपुंजी असायची, म्हणून सॅम्पलचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला जायचा. मेलोट्रॉनमध्ये, म्हणजे १९६३ च्या त्या टेपवरच्या वाद्यात, प्रत्येक पट्टीला स्वतःची टेप होती आणि ती साधारण आठ सेकंदांत संपायची. सूर संपण्याआधी वादकाला हात उचलावाच लागायचा. आवाज खरखरीत असूनही त्यात श्वास होता, कारण वाक्य कुठेतरी संपवावंच लागायचं. लूपने ही सक्ती काढून टाकली आणि आपण सूर धरून बसायला मोकळे झालो.

गजाला टोक असतं. खालून वर किंवा वरून खाली, गज संपला की दिशा बदलावी लागते. जोरात वाजवायचं तर गज लवकर संपतो, हळू वाजवायचं तर पुरतो. म्हणून मोठ्या आवाजात आठ सेकंदांचा अखंड सूर धरणं एकट्या वादकाला जड जातं. वाजवताना हा गज मनात ठेवा. कुठे दिशा बदलेल? तिथे पट्टी सोडून पुन्हा दाबा.

मग त्याच सुराला चढ-उतार द्या. यासाठी एक्सप्रेशन, म्हणजे मिडीचा ११ क्रमांकाचा कंट्रोलर. व्हॉल्यूमचा ७ क्रमांक यासाठी वापरू नका. ७ म्हणजे मिक्सरवरचा फेडर, तो एकदा लावून सोडायचा. ११ म्हणजे वादकाचा हात, तो सतत हलता हवा. दोन्ही ० ते १२७ मध्ये चालतात. ७ ला साधारण १०० वर बसवा आणि ११ ला पायाखाली घ्या.

पायाखाली म्हणतोय ते शब्दशः. एक्सप्रेशन पेडल ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे, नव्या मॉड्यूलपेक्षाही. घेताना एकच काळजी: पेडलच्या जॅकची अंतर्गत जोडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते, त्यामुळे एका कंपनीचं पेडल दुसरीच्या कीबोर्डला लावलं तर ते शेवटच्या टप्प्यातच उडी मारतं किंवा उलटं चालतं. आपल्या कीबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं मॉडेल घ्या, किंवा जोडणी बदलायचं बटण असलेलं घ्या.

सराव असा करा. एकच सूर. ४० पासून सुरुवात, तीन सेकंदांत ९५, मग दोन सेकंदांत परत ५०. पट्टी सोडायच्या आधी आकडा थोडा खाली. आठवडाभर फक्त एवढंच. पाय सरावला की बोटं आपोआप वेगळ्या पद्धतीने वाजवायला लागतात, कारण आता प्रत्येक सुराला आकार आहे. माउसने संगणकावर सरळ रेषा ओढून हाच परिणाम मिळवता येईल असं वाटतं, पण त्या रेषा ऐकू येतात. पायाने रेकॉर्ड करा, चुकलं तर परत वाजवा.

अजून एक पायरी आहे आणि बरेच जण ती गाळतात. गज जोरात ओढला की आवाज मोठा होतो आणि तेजही वाढतं. वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे उंच स्वर, पुढे येतात. नुसता एक्सप्रेशन वाढवला तर तोच मंद आवाज मोठा होतो, जणू कुणी रेडिओचं बटण फिरवतंय. म्हणून त्याच पेडलला फिल्टरचा कटऑफही, म्हणजे आवाजाचं तेज ठरवणारी मर्यादाही, जोडा. बऱ्याच यंत्रांत तो ७४ क्रमांकावर सापडतो. थोडासाच, पेडलच्या पूर्ण फिरतीत १५ ते २० अंकांचा फरक पुरे. मोठ्या लायब्ररींमध्ये हे काम बहुधा मॉड्युलेशन व्हील करतं: वर नेलं की हळू वाजवलेल्या सॅम्पलवरून जोरात वाजवलेल्या सॅम्पलवर आवाज सरकतो. तिथे १ (म्हणजे हेच व्हील) आणि ११ दोन्ही एकदम हलवायचे असतात.

जुन्या मॉड्यूलमध्ये मात्र मॉड्युलेशन व्हीलला हात लावू नका. तिथे ते व्हायब्रेटो देतं, आणि सगळ्या ताफ्याला एकदम देतं. सोळा व्हायोलिनवादक बसलेत आणि सोळाही जणांची बोटं एकाच क्षणी वर, एकाच क्षणी खाली होतात, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. खऱ्या ताफ्यात प्रत्येकाचा व्हायब्रेटो वेगळा चालतो आणि एकत्र मिळून नुसती ऊब तयार होते. ती ऊब सॅम्पलमध्ये आधीच आहे. वरून कंप दिला की क्षणात ऑर्गन परत येतो.

सूर उशिरा येतो

स्लो स्ट्रिंग्ज वाजवताना आपण लयीच्या मागे पडतो आहोत असं वाटतं. पट्टी ठोक्यावर दाबली तरी आवाज भरायला वेळ लागतो, आणि कानाला ठोका तिथे ऐकू येतो जिथे आवाज भरलेला असतो. प्रत्यक्ष वाजवताना हात थोडा आधी टाकायची सवय लागते. ऑर्केस्ट्रातले वादकही मंद सुरुवातीच्या सुरात हेच करतात. रेकॉर्डिंगमध्ये आख्खा ट्रॅक मागेपुढे सरकवून ऐकत बसा आणि कान सांगेल तिथे ठेवा. प्रत्येक पॅचचा आकडा वेगळा येतो.

क्वांटाइझ करू नका, म्हणजे सॉफ्टवेअरला सूर लयीच्या घरात नेमके बसवू देऊ नका. खोलीत दहा मीटर रुंद बसलेल्या ताफ्याचा आवाज, हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायलाच २९ मिलिसेकंद घेतो. इतका विस्कळीतपणा नैसर्गिक आहे. पाच सूर एकाच टिकवर नेऊन बसवले की ती कॉर्ड स्ट्रिंग्जची राहत नाही, बटणाची होते.

जलद तुकड्यांचा प्रश्न वेगळा. तिथे मंद पॅच चिखलात चालल्यासारखा वाजतो. अटॅक, म्हणजे आवाज भरायला लागणारा वेळ, कमी करा. जीएम २ (जनरल मिडीची पुढची आवृत्ती) आणि एक्सजी (यामाहाची तशीच पद्धत) यंत्रांत ७३ क्रमांकावर ६४ म्हणजे मूळ स्थिती आणि त्याखाली जलद. तेवढ्याने भागलं नाही, तर मार्काटो किंवा स्पिकाटोचा (ठसक्याने किंवा तुटक वाजवलेल्या सुरांचा) एक पॅच वर थरात घ्या आणि तो फक्त जोरात दाबलेल्या सुरांवर वाजेल असं व्हेलॉसिटीवर, म्हणजे पट्टी दाबण्याच्या जोराच्या आकड्यावर, ठरवा, समजा ९० च्या पुढे. हळू वाजवलं की लांब सूर, जोरात वाजवलं की गजाचा चावा. एकच सूर पटापट चार वेळा वाजवताना टाइपरायटरसारखा ऐकू येत असेल, तर चारही वेळा तेच सॅम्पल वाजतंय. चारही ठिकाणी व्हेलॉसिटी वेगळी ठेवा. गज वर आणि गज खाली यांचा जोर तसाही सारखा नसतो.

सस्टेन पेडलबद्दल एकच सांगतो: स्ट्रिंग्जवर ते वापरू नका. पियानोवादकाचा पाय सवयीने तिकडे जातो. सूर जोडायचे असतील तर बोटांनी जोडा. पुढची पट्टी दाबल्यावर मागची सोडा.

कॉर्ड कशी धरता?

माझ्या मते निम्मा ऑर्गन इथे जन्माला येतो. डाव्या हातात तीन सूर चिकटून, उजव्या हातात तेच तीन सूर चिकटून, आणि कॉर्ड बदलली की दोन्ही हात उचलून पुढच्या जागी. स्ट्रिंग्जचा ताफा असा वाजतच नाही. तिथे पाच गट आहेत: पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस. मोठ्या ऑर्केस्ट्रात त्यांची संख्या साधारण १६, १४, १२, १०, ८ अशी असते. प्रत्येक गट एक ओळ गातो आणि त्या ओळी एकत्र आल्या की कॉर्ड बनते.

एक उदाहरण वाजवून पाहा. आकडे मिडीचे देतो, कारण मधल्या सीला, म्हणजे ६० ला, काही कंपन्या सी ३ म्हणतात आणि काही सी ४. सी मेजर: ३६, ४८, ५५, ६४, ७२. खाली ऐसपैस, वर जवळजवळ. त्यावरून एफ मेजर: ४१, ५३, ५७, ६५, ७२. वरचा सूर जागचा हलला नाही, त्याखालचा अर्धा सूर सरकला, त्याखालचा एक सूर. फक्त खालच्या दोघांनी झेप घेतली, आणि झेप घेणं हे बेसचं कामच आहे. आता तीच कॉर्ड नेहमीसारखी हात उचलून वाजवा. सॅम्पल तेच, पॅच तोच, आणि तरी एक ऑर्केस्ट्रा आहे आणि दुसरा कीबोर्ड.

खालच्या भागात तिसरा सूर कोंबू नका. ४८ च्या खाली सी आणि ई एकत्र धरले की गडगड होते. तिथे सप्तक, किंवा फार तर पाचवा सूर.

प्रत्येक वाद्याची तळाची मर्यादाही पाळा. व्हायोलिन ५५ च्या खाली जात नाही, व्हायोला ४८, चेलो ३६, आणि चार तारांचा डबल बेस २८. कीबोर्ड तुम्हाला व्हायोलिनचा पॅच ४० वरही वाजवू देईल, पण तो आवाज जगात कुठेच नाही. व्हायोलिनच्या खोक्यातली हवा साधारण २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि सूर कोणताही असो, ती घुमण्याची जागा बदलत नाही. सॅम्पल ओढून खाली नेलं की खोकंही ओढलं जातं. कानाला ते नेमकं काय आहे ते सांगता येत नाही, पण खोटं आहे हे कळतं.

शिवाय पॅच पूर्ण ताफ्याचा असतो, त्यामुळे प्रत्येक पट्टीवर ताफाच बसलेला असतो. पाच पट्ट्या दाबल्या म्हणजे पाच ताफे. खऱ्या जगात व्हायोलिनच्या गटाला दोन सूर वाटून दिले तर प्रत्येक सुरावर आठच जण उरतात आणि आवाज पातळ, नाजूक होतो. सूर वाढवलेत की एक्सप्रेशन कमी करा. छोट्या ताफ्याचा पॅच असेल तर वरच्या ओळींना तो वापरा.

वेळ असेल तर पाचही ओळी वेगवेगळ्या वाजवून रेकॉर्ड करा, प्रत्येक ओळीला स्वतःचा पाय. वेळ जातो, पण दोन हातांच्या कॉर्डवर परत जावंसं वाटत नाही. इथे मात्र एक अडचण येते: पहिले आणि दुसरे व्हायोलिन एकाच पॅचवर आणि एखाद्या जागी एकाच सुरावर आले की दोन्हीकडे तेच सॅम्पल वाजतं आणि आवाज पुन्हा नळीतून आल्यासारखा होतो. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. दुसऱ्या ट्रॅकचे सूर दोन अर्धस्वर वर पाठवा आणि त्या पॅचचं कोर्स ट्यूनिंग दोन अर्धस्वर खाली आणा. ऐकू येणारा सूर तोच राहतो, पण यंत्र शेजारच्या पट्टीचं सॅम्पल उचलतं. सॅम्पल तीन-चार पट्ट्यांवर ताणलेलं असेल तर दोनाऐवजी तीन किंवा चार अर्धस्वर करून पाहा.

शेवटी खोली

आता रिव्हर्ब परत आणा. हॉल प्रकारचा, शेपूट २ सेकंदांच्या आसपास, आणि प्री-डिले २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे गजाचा चावा आधी ऐकू येतो आणि खोली नंतर. २ सेकंद हा आकडा हवेतून काढलेला नाही. प्रेक्षकांनी भरलेल्या व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचा प्रतिध्वनी साधारण तेवढाच टिकतो. सगळे गट एकाच रिव्हर्बमध्ये पाठवा. प्रत्येकाला वेगळी खोली दिली तर ते एकत्र बसलेत असं वाटत नाही. ज्या लायब्ररीत सभागृह आधीच रेकॉर्ड झालं आहे तिथे अगदी थोडा पुरतो.

इक्वलायझरला फार वेळ देऊ नका. व्हायोलिनचा तळाचा सूर १९६ हर्ट्झचा आहे, तेव्हा त्या ट्रॅकवर १८० च्या खाली जे काही आहे ते कापलं तरी चालतं. जुन्या मॉड्यूलमध्ये २,५०० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक कर्कश कड असते, ती दोन-तीन डेसिबल खाली घ्या.

सोलो व्हायोलिन

हा सगळ्यांत कठीण भाग आहे. ताफ्यात चुका लपतात, एकट्या व्हायोलिनमध्ये काहीच लपत नाही. पॅच मोनो करा, म्हणजे एकावेळी एकच सूर. व्हायब्रेटो सुराच्या सुरुवातीला नको. सूर लागू दे, मग हळूहळू येऊ दे, सेकंदाला पाच ते सहा हेलकावे. आधी सांगितलेला व्हीलचा नियम इथे उलटा होतो, कारण इथे वादक एकच आहे. ५५ वर व्हायब्रेटो अजिबात नको, कारण ती मोकळी तार आहे आणि तिच्यावर बोट ठेवायला जागाच नसते. मींड पिच बेंडने घ्या, पण प्रत्येक सुराला नको. जिथे वादकाचं बोट त्याच तारेवर सरकेल तिथेच.

एवढं करूनही जुन्या मॉड्यूलमधलं सोलो व्हायोलिन पुढे आणून ठेवण्याजोगं होईलच असं नाही. तेव्हा मी एक गोष्ट करतो. कुणी व्हायोलिन वाजवणारं ओळखीचं असेल तर त्याला किंवा तिला पहिल्या व्हायोलिनची ओळ वाजवायला सांगतो. एकच माइक, दीड-दोन मीटरवर, वाद्याच्या थोडा वरून. तीच ओळ दोन-तीन वेळा स्वतंत्र वाजवून घेतो आणि त्या सगळ्या कीबोर्डच्या स्ट्रिंग्जखाली इतक्या हळू ठेवतो की वेगळ्या ऐकू येणार नाहीत. मग त्या बंद करून पाहतो. बंद केल्याबरोबर सगळा ताफा एक पाऊल मागे गेला, तर पातळी बरोबर बसली आहे.